लांब धांव आणि मॅरेथॉनचा वेळ

मॅरेथॉन ही आतां केवळ परदेशच्या बातम्यांत वाचावयाची शर्यत राहिलेली नाहीं. पुण्याची शर्यत १९८३ सालीं सुरू झाली, मुंबईची २००४ सालीं. साताऱ्यास डोंगरवाटेनें अर्धी मॅरेथॉन धांवतात. त्याचा परिणाम आमच्या इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गांवींहि दिसूं लागला आहे. पहांटे रात्रपाळीचे कामगार घराकडे परतत असतात, त्याच वेळीं पायांत धांवण्याचे बूट घालून कारकून, शिक्षक, डॉक्टर आणि क्वचित् एखादी गृहिणीहि पंचगंगेच्या रस्त्यानें धांवतांना आढळते. हें दृश्य आम्हांस फार समाधानाचें वाटतें. ज्या वर्गानें पिढ्यान् पिढ्या बैठकीचें काम केलें, त्याला आपल्या शरीराची आठवण झाली, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

परंतु या मंडळींत एक वाद नित्य चालतो. एक पक्ष म्हणतो, रविवारीं तीस-पस्तीस किलोमीटरांची लांब धांव घेतल्याखेरीज मॅरेथॉनचा वेळ कमी होणें नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, शर्यतीच्या दिवशीं धांवावयाचेंच आहे, मग त्यापूर्वीं शरीर कशाला झिजवावें? थोडें धांवावें पण जलद धांवावें. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, तरी मुलांस मैदानावर नेण्याचें कामहि पुष्कळ वर्षें आमच्याकडे होतें. त्यामुळें हा वाद घेऊन जुने विद्यार्थी अद्यापि घरीं येतात. प्रश्न दिसावयास खेळाचा आहे, पण त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत कुटुंबाला द्यावी लागते.

उदाहरणच सांगतों. आमचा एक जुना विद्यार्थी सुताच्या पेढीवर नोकरीस आहे. घरीं आई, पत्नी व दोन मुलें. पहिली मॅरेथॉन त्यानें साडेचार तासांच्या आसपास पुरी केली आणि पुढील वर्षीं पंधरा मिनिटें कमी करण्याचा संकल्प सोडला. कोणा विश्वविख्यात धांवपटूची दिनचर्या वाचून त्यानें ओळीनें आठ रविवार पस्तीस-पस्तीस किलोमीटर धांवण्याचा सपाटा लावला. सोमवार ते शनिवार मात्र पेढीच्या कामामुळें दोन दिवस पांच-पांच किलोमीटर, एवढेंच काय तें घडे. नवव्या आठवड्यांत नडगीच्या हाडास बारीक चीर गेली. सहा आठवडे पाय टेकतां येईना, पेढीवरील रजा बिनपगारी झाली आणि घरांतील वडील माणसांनीं निकाल दिला कीं, धांवणें हेंच मुळीं वाईट! निकाल चुकीचा होता; वाईट होता तो हिशेब. तो हिशेब नीट मांडून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शर्यतीचें अंतर पाहूं. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, तेव्हां तें सुमारें ४० किलोमीटर होतें. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकांत तें ४२.१९५ किलोमीटर धरण्यांत आलें आणि १९२१ सालीं तेंच कायमचें ठरलें. मधल्या काळांत, १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें जी ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, ती ४२.७५ किलोमीटरांची होती. या शर्यतीचा आपल्या भागाशीं जवळचा संबंध आहे. त्यापूर्वीं एक वर्ष पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत दोराबजी टाटा यांनीं लांब पल्ल्याचे धांवपटू पाहिले. बहुतेक शेतकरी वर्गांतील, अनवाणी धांवणारे आणि शास्त्रोक्त शिक्षणाचा गंध नसलेले! तरी त्यांचा दम पाहून टाटा चकित झाले व त्यांच्या पुढाकारानें हिंदी खेळाडूंचा एक लहानसा संघ अँटवर्पला गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. चौगुले यांनीं ती शर्यत २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दर किलोमीटरास सुमारें चार मिनिटें असा हा वेग पडतो. आजहि आपल्याकडील हौशी धांवपटूंपैकीं फारच थोड्यांस तो साधेल.

चौगुले व त्यांच्या पिढींतील धांवपटू यांच्या यशांत आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. ज्या समाजांत बाजारास, शेतास, यात्रेस पायींच जावयाचें, त्या समाजांतील तरुणाच्या पायांत लांब पल्ला आधींच मुरलेला असतो. आळंदीहून पंढरपुरास सुमारें अडीचशें किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्यास दमदारपणाचे धडे वेगळे द्यावे लागत नाहींत. आपल्या घरचा मुलगा मात्र खुर्चींतून उठून दुचाकीवर बसतो आणि दुचाकीवरून उतरून पुन्हां खुर्चींत बसतो. त्याला तो दम कोठून तरी कमवावाच लागणार. म्हणून दुसऱ्या पक्षाचें ‘थोडें धांवा पण जलद धांवा’ हें म्हणणें त्याच्या बाबतींत लागू पडत नाहीं.

त्याच शर्यतीचा दुसरा धडाहि घेण्याजोगा आहे. ती जिंकणारा फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन हा चौगुल्यांच्या अठरा मिनिटें पुढें होता. तो १९१२ सालीं स्टॉकहोम येथें ५,००० व १०,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकलेला वीर होता. म्हणजे मॅरेथॉन जिंकणाऱ्याच्या अंगीं दमाबरोबर लहान पल्ल्याचा वेगहि होता. दम शर्यत पुरी करवितो. वेळ कमी होण्यास दोहोंची सांगड लागते.

आतां शरीराच्या आंत काय घडतें तें पाहूं. धांवतांना आपण मुख्यतः दोन इंधनें जाळतों : पिष्ट पदार्थांपासून झालेली शर्करा आणि चरबी. चरबीचा सांठा जवळ जवळ अखूट असतो, पण ती सावकाश जळते. शर्करा चटकन् जळते, पण तिचा सांठा बेताचा. सामान्य प्रौढाच्या सर्व स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम व यकृतांत सुमारें १०० ग्रॅम ती सांठलेली असते. तिच्यापासून २,००० ते २,४०० किलोकॅलरी मिळतात. धांवण्याचा खर्च दर किलोमीटरास शरीराच्या दर किलो वजनामागें सुमारें एक किलोकॅलरी पडतो. साठ किलो वजनाच्या माणसास मॅरेथॉनसाठीं अडीच हजारांहून अधिक किलोकॅलरी लागतील. शिवाय हातांच्या स्नायूंतील सांठा पायांच्या स्नायूंस उसना मिळत नाहीं. म्हणूनच चरबीचा हातभार असूनहि तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटराच्या सुमारास पुष्कळांचे पाय एकाएकीं शिशासारखे जड होतात. आमच्या गांवच्या वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको. मागावर ताणा कितीहि लांब असो, धोट्यांतील कांडी संपली कीं कापड पुढें सरकत नाहीं.

लांब धांवेचें खरें कार्य येथें दिसतें. दोन-अडीच तास संथपणें धांवत राहिल्यानें स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. पेशींतील, जेथें प्राणवायूच्या साह्यानें इंधन जळतें तीं केंद्रें संख्येनें व सामर्थ्यानें वाढतात. चरबी जाळण्याची संवय लागून शर्करेची बचत होते. हाडें, स्नायुबंध आणि तळपाय यांना दीर्घ आघात सोसण्याची शक्ति येते. मनालाहि आपण इतका वेळ टिकूं शकतों, असा विश्वास येतो. हीं फळें केवळ शंभर-दोनशें मीटरांच्या जलद धांवांनीं पूर्णपणें मिळत नाहींत. तेव्हां लांब धांव आवश्यक काय, या प्रश्नास आमचें उत्तर ‘होय’ असेंच आहे. खरा वाद ‘किती लांब’ या शब्दांत आहे.

या बाबतींत जगांतील थोर शिक्षकांचीं व खेळाडूंचीं मतें परस्परविरुद्ध भासतात. न्यूझीलंडचे आर्थर लिडिअर्ड हे लांब धांवेचे मोठे पुरस्कर्ते. त्यांचे शिष्य आठवड्यास शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, धांवत आणि रविवारीं डोंगरांतून बावीस मैलांची फेरी करीत. मॅरेथॉनच नव्हे, तर अवघी ८०० मीटरांची शर्यत धांवणारा पीटर स्नेल यासहि त्यांनीं या शिस्तींतून नेलें. त्यानें १९६० सालीं रोम येथें व १९६४ सालीं तोक्यो येथें त्या शर्यतीचें सुवर्णपदक मिळविलें. उलट चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झातोपेक पाहा. त्याचा भर चारशें चारशें मीटरांच्या असंख्य फेऱ्यांवर असे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५,००० व १०,००० मीटर जिंकल्यावर आयुष्यांतील पहिलीच मॅरेथॉन तो धांवला आणि २ तास २३ मिनिटें ३ सेकंदांत तीहि जिंकला! अमेरिकेंतील मिशिगनचे हॅन्सन बंधू तर आपल्या प्रसिद्ध अभ्यासक्रमांत सर्वांत लांब धांव सोळा मैलांची, म्हणजे सुमारें २६ किलोमीटरांची ठेवितात.

मग लिडिअर्ड खरे कीं झातोपेक? बारकाईनें पाहिल्यास दोघांत विरोध नाहीं. झातोपेकच्या चारशें मीटरांच्या फेऱ्या व मधलें संथ धांवणें यांची बेरीज केली, तर एका दिवसांत वीस-तीस किलोमीटर सहज भरत. हॅन्सन बंधूंचा धांवपटू सोळा मैल धांवतो तो ताज्या पायांनीं नव्हे. आदल्या दिवसांचे श्रम पायांत असतांना धांवतो, कारण तो आठवड्यांत सहा दिवस धांवत असतो. तात्पर्य, यांपैकीं कोणीहि सहा दिवस स्वस्थ बसून सातव्या दिवशीं पराक्रम केला नाहीं. आठवड्याच्या एकूण धांवण्यावर लांब धांव उभी असते. ती कळस आहे, पाया नव्हे.

आमच्या विद्यार्थ्याचा हिशेब येथेंच चुकला. त्याच्या आठवड्याची बेरीज पंचेचाळीस किलोमीटर, आणि त्यांतील पस्तीस एकट्या रविवारचे. म्हणजे रुपयांतील सुमारें बारा आणे एकाच दिवशीं खर्च! ज्याचें अनुकरण तो करूं पाहात होता त्या केनियाच्या एलियुड किपचोगेकडे पाहा. बर्लिन येथें २०२२ सालीं २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन जिंकणारा हा पुरुष काप्तागात येथील आपल्या आश्रमवजा छावणींत आळीपाळीनें ३० व ४० किलोमीटरांच्या लांब धांवा घेत असे. पण त्याच्या आठवड्याची बेरीज दोनशें किलोमीटरांहून अधिक असे. चाळीस किलोमीटर हा त्याचा पांचवा हिस्सा झाला.

आणखी एक हिशेब आहे, आणि तो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. शरीराला किलोमीटराचे दगड वाचतां येत नाहींत. त्यास कळतो तो श्रमाचा वेळ. असा कसलेला धांवपटू दर किलोमीटरास साडेतीन मिनिटें लावून चाळीस किलोमीटर धांवला, तर त्यास २ तास २० मिनिटें लागतात. आमचा कारकून दर किलोमीटरास सात मिनिटें लावितो. तितक्याच वेळांत त्याचे वीस किलोमीटर होतात. श्रमाच्या काळानें पाहतां त्याचे वीस हे त्या वीराच्या चाळिसांबरोबर झाले. तो जर पस्तीस धांवूं लागला, तर त्यास चार तास पांच मिनिटें लागतील, आणि एवढा वेळ तो विश्वविख्यात वीर एका धांवेंत कधींच खर्चीत नाहीं! शिवाय शेवटचा तास पाय ओढीत, ढब बिघडवून जातो. त्यांतून दमाची जी भर पडते ती थोडी व झीज मोठी. पुढील चार दिवस धांवतां येत नाहीं, म्हणजे आठवड्याची बेरीज आणखी घटते. अमेरिकेचे नामांकित शिक्षक जॅक डॅनियल्स यांनीं लांब धांवेला आठवड्याच्या अंतराचा चौथा हिस्सा ते तीस टक्के, अथवा अडीच तास, यांपैकीं जें कमी असेल तें, अशी मर्यादा घातली आहे, ती याच विचारानें.

आपल्या जुन्या शास्त्रकारांसहि ही मर्यादा ठाऊक होती. वाग्भटानें अष्टांगहृदयांत व्यायाम सांगतांना बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेंहि तो अर्ध्या शक्तीनेंच करावा, आणि थंडीचे दिवस व वसंत त्यास योग्य, असें सांगितलें आहे. अतिव्यायामापासून तहान, क्षय, दमा, ज्वर इत्यादि विकार संभवतात, असेंहि बजाविलें आहे. रविवारची लांब धांव शर्यतीच्या वेगानें नव्हे, तर सोबत्याशीं बोलतां येईल इतक्या संथपणें घ्यावी, असें आजचे शिक्षक सांगतात, तो याच अर्ध्या शक्तीचा अर्थ होय. पतंजलीनेंहि अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी आवश्यक मानिल्या : दीर्घ काळ, अखंडता आणि आदर. हा दीर्घ काळ एका दिवसांतील तासांचा नव्हे, महिन्यांचा आणि वर्षांचा आहे. अखंडतेचा शब्द त्याला लागूनच यावा, हें आमच्या तरुणांनीं लक्षांत ठेवावें. ज्या धांवेमुळें पुढचे चार दिवस खंड पडतो, ती धांव अभ्यासाची शत्रु होय. ज्यांच्यामुळें आमच्या गांवाचें नांव संगीताच्या इतिहासांत राहिलें, त्या पंडित बाळकृष्णबुवांची विद्याहि रविवारच्या रियाजानें आलेली नव्हती.

येथवर तत्त्व झालें. आतां नोकरी व प्रपंच सांभाळून धांवणाऱ्यानें काय करावें तें थोडक्यांत सांगतों. पहिली मॅरेथॉन असो वा पांचवी, आठवड्यांतून निदान चार, शक्य तर पांच दिवस धांवावें. एकूण अंतर हळूहळू वाढवीत पन्नास-साठ किलोमीटरांवर न्यावें. तें स्थिरावेपर्यंत लांब धांव वीस-बावीसच्या पुढें नेऊं नये. मग ती अडीच तासांपर्यंत वाढवावी. ज्यांस शर्यतीला साडेचार-पांच तास लागतात त्यांनीं शर्यतीपूर्वींच्या दोन-तीन महिन्यांत दोन किंवा तीन वेळां तीन तासांपर्यंत जावें. मधून मधून मिनिटभर चालल्यास त्यांत कमीपणा नाहीं. ओळीनें तीन रविवार वाढविल्यावर चौथा रविवार हलका ठेवावा. शेवटची लांब धांव शर्यतीच्या तीन आठवडे आधीं उरकावी.

ज्यास वेळ कमी करावयाचा आहे, त्यानें आठवड्यांत एक दिवस वीस ते चाळीस मिनिटें जरा नेटानें धांवावें. बोलणें दोन-तीन शब्दांवर येईल इतपत. कांहीं लांब धांवांचे शेवटचे पांच-सात किलोमीटर शर्यतीच्या वेगानें न्यावे. थकलेल्या पायांना तो वेग ओळखीचा होणें, हें आणखी दहा किलोमीटर रखडण्यापेक्षां अधिक फलदायी ठरतें. ज्यास पस्तीस किलोमीटरांचाच हव्यास असेल, त्यानें प्रथम आठवड्याची बेरीज शंभरावर न्यावी. तोपर्यंत त्याचा वेग वाढून तें अंतर तीन तासांच्या आसपास आलें, तर आमची हरकत नाहीं.

लांब धांव ही पोटाचीहि रंगीत तालीम असते. तासास तीस ते साठ ग्रॅम शर्करा पोटांत गेली, तर कांडी लवकर संपत नाहीं. केळें, खजूर, गूळ, साखर-मिठाचें लिंबूपाणी, ज्यास जें पचेल तें त्यानें रविवारीं पारखून घ्यावें. शर्यतीच्या दिवशीं नवें कांहीं खाऊं नये. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. भीतीनें तांबेच्या तांबे रिचविल्यास रक्तांतील क्षार पातळ होऊन जिवावर बेतूं शकतें. आमच्याकडे मार्च लागला कीं सूर्योदयानंतर ऊन झोंबूं लागतें. म्हणून धांव त्यापूर्वींच संपवावी. नडगी, टांच किंवा गुडघा यांत एका ठिकाणीं बोट ठेवून दाखवितां येईल अशी वेदना दोन दिवस राहिली, तर धांवणें थांबवून डॉक्टरांस दाखवावें. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांत सुधारतात. हाडांस व स्नायुबंधांस महिने लागतात. दम आहे म्हणून हाड तयार आहे, असें समजूं नये.

आमच्या वाचक भगिनींसाठींहि दोन शब्द. लांब पल्ला स्त्रीच्या प्रकृतीस मानवत नाहीं, ही समजूत इतकी रूढ होती कीं, ऑलिंपिकांत स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालापर्यंत नव्हतीच. त्या वर्षीं लॉस एंजेलिस येथें जोन बेनॉइट ही अमेरिकन स्त्री २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत ती जिंकली. १९२० सालच्या विजेत्या पुरुषाहूनहि हा वेळ कमी आहे. आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यांतील ललिता बाबर हिनें मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत तीनदां पहिला क्रमांक मिळविला आणि पुढें २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकांत अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीची अंतिम फेरी गांठून ती दहावी आली. लांब पल्ला वेगाचा वैरी नाहीं, याचा याहून जवळचा पुरावा कोणता हवा? घरांतील सुनेस किंवा मुलीस सकाळचा दीड तास मोकळा मिळावा म्हणून चहाचें आधण दुसऱ्या कोणीं ठेविलें, तर त्या घराचें कांहीं बिघडत नाहीं.

आमचा तो विद्यार्थी आतां बरा झाला आहे. हल्लीं तो पांच दिवस धांवतो, रविवारीं अडीच तासांत परततो आणि मुलांबरोबर न्याहारीस बसतो. पुढील शर्यतींत त्याचीं पंधरा मिनिटें कमी होतील कीं दहा, हें शर्यतच ठरवील. पण घरांतील विरोध मावळला आहे, आणि त्याखेरीज वर्षानुवर्षें अभ्यास चालूं शकत नाहीं. वडील माणसांस आमची एवढीच विनंति आहे कीं, रविवारीं मुलगा घामाघूम होऊन दारांत उभा राहिला म्हणजे ‘आज किती धांवलास?’ असें विचारूं नये. ‘परवां पुन्हां धांवतां येईल ना?’ असें विचारावें. त्याचें उत्तर होकारार्थी असेल, तर त्याची धांव पुरेशी लांब होती, असें खुशाल समजावें.